दांडीखालची चार बोटं

पडदा वर जातो तेव्हा समोर एक दुकान दिसतं. मागच्या भिंतीला छतापर्यंत लाकडी खण, खणाखणांत बटणं, हुक, फिती, लेस आणि दोऱ्याची रिळं. उजवीकडे अर्धवट उघडं दार, त्यातून आतल्या अंगणातलं लिंबाचं झाड आणि वेताची एक रिकामी खुर्ची. काउंटरमागे उंच स्टुलावर एक गृहस्थ बसले आहेत. वय पन्नाशीचं, मिशी कातरलेली, उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली सोडलेला. रस्त्याच्या बाजूने एक बाई मक्याचं पोतं फरफटत आत आणते आहे. गृहस्थ तिच्याकडे अपार करुणेने पाहतात आणि म्हणतात, "जपून, ओतिलिया. कंबर धरेल."

हा एवारिस्तो सामायोआ. सान ओनोफ्रे गावातलं सर्वांत नामांकित दुःख याच्या मालकीचं होतं.

ग्वातेमालाच्या डोंगरांत दुःखाला तोटा नाही, पण बहुतेकांचं दुःख बिनकामाचं असतं. ते सोसतात आणि मरतात, कुणाला पत्ता लागत नाही. एवारिस्तोचं तसं नव्हतं. त्याच्या दुःखाला जागा ठरलेली होती, उजवा खांदा. आणि तारीख ठरलेली होती, गुड फ्रायडे. त्या सकाळी आमच्या गावात क्रूस वाहणाऱ्या येशूची पालखी निघते. पालखी जुन्या लाकडाची, बावीस मणांची. उजव्या दांडीला बारा आणि डाव्या दांडीला बारा असे चोवीस खांदेकरी एका वेळी ती उचलतात आणि एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत नेऊन पुढच्या पाळीच्या हवाली करतात. पालखी चालत नाही, डुलते. दोन पावलं पुढे, अर्धं मागे. त्यामुळे शंभर पावलांच्या रस्त्याला पाव तास लागतो आणि प्रत्येकाच्या खांद्याला मणभर ओझ्याची नीट ओळख होते.

मी हे सगळं वरून पाहत आलो आहे. आमची तंबूतली नाटक कंपनी याच गावात बुडाली. मालक तिकिटाची पेटी घेऊन गेला, आणि मी राजाच्या पोशाखासकट इथे राहिलो. तेव्हाच्या फादरांनी मूर्तींना कपडे चढवायचं काम दिलं. आयुष्य नटनट्यांना नटवण्यात गेलेलं, संतांना नटवणं त्या मानाने सोपं. ते मापावरून भांडत नाहीत. पालखी निघताना क्रूसाचा शेंडा दाराच्या कमानीला लागू नये म्हणून मी शिडीवर उभा राहून लांब काठीने तो सांभाळतो, आणि मग काठी घेऊन शेजारून चालतो. शिडीवरून चोवीस खांदे स्वच्छ दिसतात. पहिल्याच वर्षी मला दिसलं की तेविसांवर दांडी टेकली आहे, आणि चोविसाव्याच्या खांद्याच्या आणि दांडीच्या मध्ये चार बोटांची पोकळी आहे. तिथून पलीकडच्या भिंतीचा चुना दिसत होता.

पण त्या चोविसाव्याचा अभिनय काय वर्णावा. डोळे अर्धे मिटलेले, मान कलती, गुडघ्यांत हलकासा कंप. कण्हणं असं, की खालच्या सुरात उगम पावे, चौकातल्या कारंज्याकडच्या चढावर वर चढे आणि मुक्कामाला पोचल्यावर एका निःश्वासात विरे. मी रंगमंचावर दोनशे वेळा विष पिऊन मेलो आहे आणि दर वेळी नंतर पोटभर जेवलो आहे. त्यामुळे माझ्या बिरादरीचा माणूस मला लांबून ओळखू येतो. मी कुणाला काही बोललो नाही. एका नटाने दुसऱ्या नटाची खोटी दाढी ओढू नये, हा आमचा धर्म.

पोकळीचं कारण साधं होतं. पाळ्या खांद्याच्या उंचीवर ठरतात. उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी पालखी मंडळाचा माणूस लाकडी मोजपट्टी घेऊन बसतो, जमिनीपासून खांद्यापर्यंतचं माप घेतो आणि कार्डावर शाईने लिहितो. उंच माणसांना पहिली पाळी मिळते, चर्चच्या दारातून कारंज्यापर्यंतची. तेव्हा बँड ताज्या दमाचा असतो, रस्त्यावर रंगीत भुशाची रांगोळी अजून कुणी तुडवलेली नसते आणि सगळा गाव हजर असतो. बावीस वर्षांचा एवारिस्तो बुटका होता, आणि कारंज्याजवळच्या एका खिडकीत ओतिलिया उभी राहत असे. त्याने मापाला जाताना थोरल्या भावाचे उंच टाचांचे बूट घातले. माप लिहिलं गेलं. मिरवणुकीला मात्र सपाट काळे जोडे हा नियम. माप एकदाच घेतात, पुढे दर वर्षी जुन्या कार्डावरून नवं उतरवतात. अशा रीतीने एक प्रेमिक चार बोटं वर चढला आणि एकोणतीस वर्षं हवेला खांदा देत राहिला.

सुरुवातीला त्याला ते ठाऊक असणार. पण रोजचे संवाद नटाच्या रक्तात उतरतात तसं झालं. दहाएक वर्षांनी त्याचा खांदा खरोखर खाली आला. पावसाळ्यात तो दुखे. त्या खांद्याने पोतं उचलायचं नाही, पाण्याची घागर धरायची नाही, दुकानाची फळी लावायची नाही. ही कामं ओतिलिया करी. ज्या खिडकीतल्या पोरीसाठी त्याने चार बोटं चोरली, तिच्याच कमरेने त्याचं व्याज फेडलं.

आणखी एक माणूस फेडत होता, तो बाल्तासार. हा वीटभट्टीवरचा मजूर, उंच, रुंद, मितभाषी. वीस वर्षं तो एवारिस्तोच्या मागच्या जागेवर होता. नियमाप्रमाणे डोळे जमिनीला, त्यामुळे पुढे काय चाललं आहे ते त्याने कधी पाहिलं नाही. त्याला इतकंच कळे, की आपल्या वाट्याला इतरांपेक्षा जास्त वजन येतं. दोन माणसांचं येतं म्हणा ना. यावर त्याने स्वतःच एक निष्कर्ष काढला होता. तो मला एकदा म्हणाला, "मास्तर, माझी पापंच तेवढी असणार. बाकीचे बघा, पालखी ठेवली की गप्पा मारत तामाल खायला जातात. मला बसायला लागतं."

"कसली पापं रे तुझी?"

"तेच तर आठवत नाही. दर वर्षी फादरांना काहीबाही सांगतो. मागच्या वर्षी शेजाऱ्याचा कोंबडा चोरला म्हणून सांगितलं. चोरला नव्हता, पण काहीतरी सांगायला पाहिजे."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. नटांच्या धर्माचा आडोसा घेऊन गप्प बसलो. हे माझ्या खात्यावर.

तर ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी दोन गोष्टी एकदम घडल्या. नाताळानंतर ओतिलियाची आई क्रिस्पुला न्हाणीत घसरली. मांडीचं हाड मोडलं. म्हातारी अंगाने भरलेली, जिभेने तिखट. तिला सकाळी पलंगावरून उचलून अंगणातल्या वेताच्या खुर्चीत बसवायचं आणि ऊन कलल्यावर परत पलंगावर न्यायचं. एकटीला जमेना. ओतिलियाने नवऱ्याला हाक मारली.

"मी उचलली असती," एवारिस्तो म्हणाला, "पण हा खांदा आता माझा राहिलेला नाही. तो प्रभूचा आहे. उपवासकाळ तोंडावर आलाय."

आतून क्रिस्पुलाबाईंचा आवाज आला, "मग प्रभूलाच पाठव म्हणावं. खांदा घेऊनच ये म्हणावं."

"आई, तुमच्या वेदना मी समजू शकतो."

"समजून काय करू? मला लघवीला जायचंय."

ओतिलिया गेली. म्हातारीच्या काखेत हात घालून तिने तिला कशीबशी उचललं, आणि त्या दिवसापासून तीही वाकडी चालू लागली. त्या घरात मग दोन वाकडे झाले, पण गावाला एकाचंच कौतुक होतं.

दुसरी गोष्ट अशी, की पाळीच्या उजव्या कोपऱ्यावरचे प्लासिदो बेकरीवाले गुडघ्यांमुळे निवृत्त झाले. कोपरा म्हणजे दांडीचं पहिलं टोक. त्या जागेवर तीस वर्षं खांदा देणारा उभा राहतो, त्याला छातीवर चांदीचं पदक मिळतं, चर्चमध्ये पुढच्या बाकावर कायमची जागा मिळते आणि मेल्यावर त्याच्यासाठी मोठी घंटा वाजते. ते वर्ष एवारिस्तोचं तिसावं होतं. हा कोपरा त्याने आयुष्यभर मनात धरला होता. बायको प्रार्थनेत रोजची भाकर मागे, तसा तो रोज रात्री कोपरा मागायचा. आणि आता तो मिळाला होता, पण एक अडचण होती. आजवरच्या त्याच्या दुसऱ्या जागेवर पुढच्या माणसाची पाठ आणि खांदेकरी घालतात त्या झग्याच्या टोपीची चुणी यांत पोकळी झाकली जाते. कोपऱ्यावर पुढून सगळा गाव बघतो. कोपऱ्यावर चार बोटं लपत नाहीत.

आमचे फादर तेओदुलो यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. फादर भला माणूस, दुसऱ्यांच्या यातनांवर त्यांचं फार प्रेम. उपवासकाळातल्या दर बुधवारी ते एका गावकऱ्याला वेदीसमोर उभं करून दुःखावर चिंतन करायला लावत. शेवटच्या बुधवारी पाळी एवारिस्तोची. मी मागच्या खांबाला टेकून ऐकत होतो. त्याने आधी डोळे मिटले, मग उजवा खांदा डाव्या हाताने धरला, आणि मग हळूच सुरुवात केली.

"बंधू-भगिनींनो, दुःख दारातून येत नाही. ते खांद्यावरून येतं. ज्याला ओझं नाही, त्याला मुक्ती नाही. मी तीस वर्षं प्रभूच्या ओझ्यातला माझा वाटा उचलला. त्याने मला काय दिलं? वेदना दिली. मी त्याला काय म्हणालो? आणखी दे."

बायका रडल्या. पहिल्या बाकावरच्या बाईंचा तर चष्मा पडला. फादर म्हणाले, "ही खांद्याने केलेली प्रार्थना आहे." बाल्तासार माझ्या शेजारी उभा होता. तो पुटपुटला, "बघा मास्तर. शेठ आणखी मागतात. आणि मी दर वर्षी कमी कर म्हणतो. म्हणूनच वाढत असेल."

ओतिलिया तिथे नव्हती. ती घरी म्हातारीला कूस बदलून देत होती.

मूर्तीच्या झग्याला सोनेरी फीत हवी होती म्हणून मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. एवारिस्तो न्हाव्याकडे गेला होता. ओतिलिया काउंटरवर जांभळ्या कापडाची एक पिशवी शिवत होती, तळहाताएवढी लांबरुंद. शेजारी कापसाचा एक पुंजका आणि चांभारी दोऱ्याच्या मोठ्या रिकाम्या रिळांचा ढीग. घट्ट लाकडाची रिळं. ती एकेक रीळ उभं करून पिशवीत बसवत होती.

"हे काय करताय, ओतिलियाबाई?"

"उशी. यांनी सांगितलीय. झग्याच्या आत खांद्यावर टाचायची आहे. म्हणाले, जखमी खांदा आहे, कोपऱ्यावर जास्त भार येतो, चार बोटं जाड कर, नरम कर."

"उशीत रिळं?"

"नरम म्हणाले ते मी ऐकलं नाही. मी आईकडे धावत होते."

तिने नववं रीळ बसवलं, अंगठ्याने दाबून पाहिलं, हललं नाही. मग वरून कापसाचा पातळ थर दिला.

"मास्तर, झगे कोण धुतं? आम्ही बायका धुतो. प्लासिदोंच्या झग्याचा खांदा दर तीन वर्षांनी विरतो, बदलायला लागतो. बाल्तासारची बायको तर ठिगळावर ठिगळ लावते. यांचा झगा एकोणतीस वर्षं तसाच आहे. खांद्यावरचं सूत बाजारातून आणल्यासारखं. बाकी सगळीकडे घामाने पिवळा झालाय, खांदा तेवढा नवा. मला काय डोळे नाहीत?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? माझ्यासाठीच केलं होतं बिचाऱ्याने. मी खिडकीतून हसले पण होते." तिने दोरा दाताने तोडला. "पण माझी आई ऐंशी किलोची आहे."

उशीबद्दल एवारिस्तोने केलेली चूक समजून घ्यायला हवी. त्याला पोकळी फक्त दिसायला भरायची होती. ती भरली की वरचं काय होईल, हा विचारच त्याला शिवला नाही. तीस वर्षं तो ज्या वस्तूखाली चालला तिला वजन आहे, हे तो विसरला होता. भक्तीमध्ये हे फार सहज होतं. आम्ही क्रूसाला इतक्या फुलांनी मढवतो, की तो लाकडाचा आहे हे खुद्द येशूलाच येऊन सांगावं लागेल.

गुड फ्रायडेला सकाळी सात वाजता दार उघडलं. मी शिडीवर होतो. धूप, बँड, गुडघे टेकलेली माणसं. एवारिस्तो कोपऱ्यावर, पदक छातीवर, उशी झग्याच्या आत. मागे बाल्तासार. घंटा झाली आणि चोवीस जणांनी पालखी उचलली.

एवारिस्तोच्या तोंडून आवाज निघाला तो "हुक्" असा. गाढवाच्या पोटात लाथ बसावी तसा. मी वरून पाहिलं. पोकळी नव्हती. दांडी उशीवर आणि उशी खांद्यावर, मध्ये नखही शिरलं नसतं. त्याचे डोळे सताड उघडले. ते वर दांडीकडे गेले, मग खाली, मग कुणीतरी आपल्याला फसवलं आहे अशा नजरेने गर्दीत फिरले.

त्याच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत पडेल प्रयोग. कण्हणं नाही, मान कलती नाही, सूर नाही. तो नुसता फुसफुसत होता. नाकातून शेंबूड आला तो पुसायला हात मोकळा नव्हता. तिसाव्या पावलाला त्याने एक शिवी दिली, ती पुरी होण्याआधी गिळली. पाय फेंगडे पडत होते. रस्त्याच्या कडेच्या बायकांची निराशा झाली.

"यंदा एवारिस्तोशेठचं मन नाही लागत," एक म्हणाली.

"कोपरा मिळाला ना. आता भक्ती कशाला?"

खरं दुःख वाईट वठतं, हे मी जन्मभर सांगत आलो आहे. त्याला तालीम नसते. खुद्द येशूलाही त्या दिवशी प्रेक्षकांनी वाखाणलं नाही. तो पडला, धडपडला, आणि शिपायांनी रस्त्यावरून जाणाऱ्या कुरेनेकर शिमोनाला धरून त्याच्या खांद्यावर क्रूस लादला. शिमोन काही भक्त नव्हता. बिचारा शेतावरून घरी चालला होता, कुणी त्याला विचारलंही नाही. मला वाटतं, तारणाच्या गोष्टीत आपण बहुतेक सगळे त्याच दाराने शिरतो. स्वखुशीने येणाऱ्यांत माझ्यासारख्या नटांचा भरणा फार असतो.

चढाच्या मध्यावर एवारिस्तोचा डावा हात वर उठू लागला. हात वर केला की बदली माणूस धावत येतो. त्यात नियमाने काही गैर नाही, पण कोपऱ्यावरच्या माणसाने तो आजवर केला नव्हता. आणि केला, तर पदक त्याच संध्याकाळी परत द्यावं लागतं. हात कानापर्यंत आला. मी शेजारून काठी घेऊन चाललो होतो, आणि तिथेच कडेला वेताच्या खुर्चीत क्रिस्पुलाबाई बसल्या होत्या. वीटभट्टीवरच्या दोघांनी त्यांना खुर्चीसकट आणून ठेवलं होतं. मागे ओतिलिया उभी होती, हात खुर्चीच्या पाठीवर. म्हातारी जावयाकडे निरखून पाहत होती.

"अगं, हा खरंच मरतोय की काय?"

"नाही, आई," ओतिलिया म्हणाली. "उचलतोय."

ती हे मोठ्याने बोलली नाही, पण त्याला ऐकू गेलं. वर उठलेला हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तो दांडीवर आला आणि तिथेच घट्ट बसला. उरलेली साठ पावलं तो तसाच चालला, लाळ गाळत, अतिशय कुरूप दिसत. कारंज्यापाशी पालखी पुढच्या पाळीच्या खांद्यावर गेली, तेव्हा तो फुटपाथवर बसला तो अर्धा तास उठला नाही.

मागे आणखी एक घटना घडत होती. बाल्तासार ढसाढसा रडत होता. लोकांना वाटलं, ओझ्याने. त्याने माझा दंड धरला. "मास्तर, हलकी होती. देवाशपथ सांगतो, हलकी होती. वीस वर्षांत पहिल्यांदा."

ज्या खांद्याचं प्रदर्शन तीस वर्षं चाललं होतं, त्या खांद्यावर आता खरोखर काहीतरी उमटलं होतं: नऊ गोल निळे ठसे, रांगेत तीन-तीन. आणि गंमत बघा, आता एवारिस्तोने तो कुणाला दाखवला नाही. एप्रिलच्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावून बसला. ठशांचं मला ओतिलियाने सांगितलं. शनिवारी तिने नेहमीसारखं मलम आणलं तेव्हा तो म्हणाला, "काही झालेलं नाही." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "उशीत काय भरलं होतंस?"

"तुमच्याच दुकानातला माल. बाहेरून काही आणलं नाही."

त्याने सदऱ्याचं वरचं बटण लावून घेतलं.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मी उरलेली फीत परत करायला दुकानात होतो, तेव्हा बाल्तासार आला. नवा सदरा, तेल लावलेले केस. हातात केळीच्या पानात बांधलेली पाकातल्या पावाची गोड तोर्रेहास, बायकोने केलेली.

"शेठ, हे तुमच्यासाठी. तुमच्या मागे उभा राहून माझी मुक्ती झाली. पापं गेली. शुक्रवारी दांडी अशी लागली खांद्याला, जसा पोरीने हात ठेवावा. फादर म्हणाले, कृपा झाली."

एवारिस्तो पुडीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "ती तुझी नव्हती, बाल्तासार."

"काय नव्हती?"

"पापं. ते वजन होतं. माझ्या वाट्याचं. मी कधी उचललंच नाही. मी बुटका आहे. दांडी मला लागायचीच नाही. तू वीस वर्षं माझं उचललंस."

बाल्तासार हसला, अगदी मायेने. "शेठ, तुमची नम्रता गावाला ठाऊक आहे. पण माझी पापं तुम्ही अंगावर घ्यायची, हे जरा जास्तच झालं."

"अरे, मी खरं सांगतोय. या मास्तरांना विचार. वरून दिसतं यांना."

मी म्हणालो, "खरं आहे, बाल्तासार. मी पाहिलंय."

"मास्तर तर तुमचे दोस्तच," तो म्हणाला, आणि डोळे पुसत निघून गेला.

पुढच्या रविवारपर्यंत सगळ्या गावात पसरलं होतं, की एवारिस्तो सामायोआ एका मजुराची वीस वर्षांची पापं स्वतःच्या खांद्यावर घ्यायला तयार आहे. फादरांनी प्रवचनात नाव न घेता सांगितलं, सगळ्यांनी वळून पाहिलं. एवारिस्तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "फादर, हे खोटं आहे, मी उचलत नव्हतो." चर्चमध्ये हुंदके फुटले. एका बाईने त्याच्या बाहीचं चुंबन घेतलं. त्याने जन्मात पहिल्यांदा खरं बोलायला सुरुवात केली, आणि गावाने त्याला संत करायला घेतलं. मी रंगभूमीवर पुष्कळ फजित्या पाहिल्या, पण प्रेक्षक नटाला भूमिकेतून बाहेरच पडू देत नाहीत, अशी ही एकच.

त्या दुपारी मी त्याच्या अंगणात बसलो होतो. आतून क्रिस्पुलाबाईंनी हाक मारली, ऊन कललं होतं. ओतिलिया उठली. एवारिस्तो तिच्या आधी उठला. वेताच्या खुर्चीपाशी गेला, वाकला आणि म्हातारीला म्हणाला, "गळ्याभोवती हात टाका."

"तुला जमणार आहे का?"

"माहीत नाही. कधी केलं नाही."

"मला पाडलंस तर घंटा वाजेपर्यंत शिव्या देईन."

"द्या. बोलत राहा, म्हणजे कळेल तुम्ही अजून वर आहात ते."

त्याने तिला चुकीची उचलली. तिचं कोपर त्याच्या नाकावर बसलं, दारात दोघं अडकली, ओतिलियाला मागून ढकलावं लागलं. पण म्हातारी पलंगावर पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने परत तेच केलं. पुढे चार वर्षं, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, क्रिस्पुलाबाई गेल्या त्या दिवसापर्यंत. तक्रार केल्याशिवाय एकदाही नाही. आणि प्रेक्षक एकही नाही, कारण या कामाला कोण बघायला येतं? ओतिलियाची कंबर काही पुरती सरळ झाली नाही, पण मक्याची पोती तिने परत उचलली नाहीत.

पुढच्या वर्षी तो मोजपट्टीपुढे अनवाणी उभा राहिला आणि कार्ड बदलून घेतलं. पदक परत दिलं, मंडळाने ते घ्यायला नकार दिला, तेव्हा त्याने ते मूर्तीच्या दानपेटीत टाकलं. खऱ्या मापाने त्याला दहावी पाळी मिळाली. ही दुपारी दोनची, कत्तलखान्याच्या मागच्या गल्लीतली. तेव्हा बँड जेवायला गेलेला असतो आणि कडेला तीन कुत्री आणि एखादा झिंगलेला माणूस असतो. तिथे बुटक्यांच्या रांगेत त्याने नऊ वर्षं खांदा दिला. मी काठी घेऊन शेजारून जाई. त्याचं कण्हणं शेवटपर्यंत सुधारलं नाही. ओतिलिया त्याच्या झग्याच्या खांद्याला दर तीन वर्षांनी नवं कापड लावी, आणि लावताना शेजारणींना मुद्दाम दाखवी.

नवव्या वर्षानंतरच्या पावसाळ्यात त्याच्या छातीत दुखू लागलं. एका सकाळी ते वाढलं. दवाखान्याची गाडी आली, पण आमच्या गल्लीत शिरेना, कोपऱ्यावर थांबली. त्याला वेताच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. पुढे बाल्तासार आणि चर्चचा घंटावाला. मागे उजवीकडे प्लासिदोंचा मुलगा, आणि मागे डावीकडे ओतिलियाचा भाचा, औषधाच्या दुकानाचा मालक, चाळिशीचा, नुकताच मंडळात आलेला, चेहऱ्यावर फार दुःख घेऊन. मी बाजूने चाललो होतो. काठी नव्हती, तरी हात उगाच वर धरला होता. एवारिस्तो डोळे मिटून बसला होता, चेहरा पिठासारखा. तो दवाखान्यात पोचला नाही, वाटेतच गेला. त्याआधी, दुकानातून बाहेर पडताना, त्याने डोळे उघडले, मान थोडी मागे वळवली आणि त्या भाच्याकडे पाहिलं. आवाज हळू होता, पण रागाचा नव्हता.

"बाळा, तू नुसता हात लावून चालतोयस. राहू दे. पुढे जाऊन गाडीचं दार उघड."